शिडीवरची आत्या

आत्या शिडीवर चढली की खाली उभी असलेली माणसं तिला शिव्या घालायला सुरुवात करत. आमच्या फाट्यावरच्या पेट्रोल पंपावर ती कामाला होती. रस्त्याकडेच्या खांबावर भावाचा बोर्ड होता आणि रोज सकाळी सहाला त्यावरचे आकडे बदलणं तिच्याकडे होतं. आकडे म्हणजे भोक पाडलेले पत्र्याचे तुकडे. खिळ्याला अडकवायचे, दुसऱ्या दिवशी काढायचे. साडीवर पंपाचा निळा शर्ट, पदर खोचलेला, खांद्याला आकड्यांची पिशवी, अशी ती चढायची आणि खालून सुरू व्हायचं.

"आत्या, उतर खाली! आज काहून चढून राहिली?"

"हिचा हात लागला की वीस-तीस पैसे वाढलेच म्हणून समज."

ती वरूनच ओरडायची, "घरी जाय अन् तुझ्या बापाला विचार मत कोणाला टाकलं ते!"

भाव कंपनी ठरवते आणि मालकाच्या मोबाइलवर पाठवते, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. पण कंपनी काही शिडीवर दिसत नव्हती. आत्या दिसत होती. मी हिंगोलीच्या कॉलेजला जायला समोरच्या थांब्यावर एस.टी.ची वाट पाहत उभी असे. त्यामुळे माझ्या सख्ख्या आत्याला पडणाऱ्या शिव्या ऐकूनच माझा दिवस सुरू होई.

तिला सगळा गाव आत्या म्हणे. माहेरी परत आलेली बाई सगळ्या गावाची आत्या होते. यात मान वगैरे काही नसतो. ती आता कुणाची बायको नाही हे लक्षात ठेवायची ती गावाची सोय असते. तिचं लग्न परभणीकडे झालं होतं. दोन वर्षांत ती एका पिशवीनिशी परत आली आणि का आली हे कुणाला सांगितलं नाही. आमच्या बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, गोठ्याशेजारची खोली तिला दिली. ती शेवटपर्यंत तिथेच राहिली.

तिनं कुणाला चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. मी बारावीला पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा आईनं साखर वाटली. आत्यानं साखर तोंडात टाकली आणि म्हणाली, "झाली पास? आता काय, ढोल बांधू गळ्यात?" दुसऱ्या दिवशी ती सुट्टी टाकून डेपोत गेली आणि माझा एस.टी.चा पास काढून आली. पास माझ्याकडे फेकत म्हणाली, "हरवला तर पायी जाशील." मी पुढे जी काही शिकले ती अशा फेकलेल्या गोष्टींवर शिकले.

पंप सुरू झाला तेव्हा कंपनीचे एक साहेब आले होते. त्यांनी मालकाला नियम सांगितले. गाडी आत वळायच्या आधी भाव दिसला पाहिजे, रस्त्यावरून वाचता आला पाहिजे, बोर्डासमोर काही येता कामा नये. मालकानं मान हलवली, साहेबांना चहा पाजला आणि सगळं विसरला. मागे उभ्या असलेल्या आत्यानं मात्र ते ऐकून ठेवलं. तिथून पुढे बोर्डासमोर टेम्पो थांबला, रसवंतीचा गाडा लागला, की ती तरातरा जायची. "ए, बोर्डासमोरून सरक!" एकदा वरातच थांबली होती. ती घोड्यासमोर जाऊन उभी राहिली. "नवरदेव तुझ्या घरी. घोडं पुढं घे." वऱ्हाडी मंडळी भांडायला उठली. घोडं पुढे गेलं.

एवढं काय त्या बोर्डाचं, असं मी तिला एकदा विचारलं. ती गोठ्यात शेळीचं दूध काढत होती. मान वर न करता म्हणाली, "आत गेल्यावर भाव कळला तर माणूस माघारी फिरत न्हाई. चार लोक बघून राहिले म्हणून लाजंनं घेतो. माझं लग्न तसंच झालतं." नंतर तिनं शेळीला एक शिवी दिली आणि तो विषय संपला.

पेट्रोल शंभरावर गेलं तेव्हा बोर्डाची पंचाईत झाली. बोर्ड बनवणाऱ्यानं रुपयांसाठी दोनच खिळे ठेवले होते. शंभर होतील असं त्याच्या मनातही आलं नसावं. मालक म्हणाला, नवा बोर्ड मागवतो. आत्यानं तेवढी वाट पाहिली नाही. डब्याच्या पत्र्याचा एक 'एक' कापला, रंगवला आणि तारेनं डाव्या कडेला बाहेर बांधला. आठवड्याभरात वाऱ्यानं तो पडला. सकाळी बोर्डावर नुसती दोन शून्यं आणि पुढचे पैसे राहिले. मारोतराव नावाचे आमच्या गावातले एक ट्रॅक्टरवाले होते. शिव्या घालणाऱ्यांत त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा असे. ते मोटारसायकलची टाकी फुल करून बसले आणि खिशात हात घालेनात.

"आत्या, तूच म्हणती ना, बोर्डावर हाय तोच भाव? मग बोर्ड वाच की. फुकट हाय आज."

"मारोत्या, गाडी पाडून तोंडानं वढून घेईन पेट्रोल."

"नियम म्हणजे नियम, बराबर ना?"

लोक हसत होते. आत्यानं पडलेला पत्रा शोधून आणला, तो मारोतरावांच्या छातीवर टेकवला आणि म्हणाली, "हा धर. आता वाच." पैसे मिळाले. पण त्यानंतर महिनाभर पोरं तिला 'फुकट आत्या' म्हणून हाका मारत होती.

मग एका दिवाळीच्या तोंडावर सरकारनं कर कमी केला आणि भाव एकदम खाली आला. आत्या शिडीवर चढली तेव्हा खाली शिव्या नव्हत्या. पोरांनी फटाके लावले. पेढे आले. आत्या वरून आकडे बदलत होती आणि तिच्याकडे कुणी पाहतही नव्हतं. खाली उतरल्यावर ती मारोतरावांना म्हणाली, "वाढला तवा म्या वाढविला अन् उतरला तवा सरकारनं व्हय रे?" मारोतरावांनी तिला अर्धा पेढा दिला. उरलेला अर्धा त्यांनी स्वतः खाल्ला.

त्याच संध्याकाळी साहेबांचे कार्यकर्ते फ्लेक्स घेऊन आले. साहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी. फ्लेक्सवर ते हात जोडून उभे होते आणि वर लिहिलं होतं, 'इंधन दरकपातीबद्दल जाहीर आभार'. खाली कमी झालेला दर लाल अक्षरांत छापला होता. रस्त्यावरून नीट दिसेल अशी जागा त्यांनी शोधली आणि तो फ्लेक्स थेट भावाच्या बोर्डावर बांधला.

"मालक, बोर्ड झाकला," आत्या म्हणाली.

"दोन दिवसांत काढतील, आत्या. साहेबांचा फोटो हाय, आपण कसा काढावा?"

दोन दिवसांचे महिने झाले. तेवढे दिवस भाव हलला नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही. होळी झाली आणि भाव पुन्हा चढू लागला, रोज थोडा थोडा. आत्यानं विचारलं तेव्हा मालक म्हणाला, "मागून बदल की आकडे. बोर्ड तर हाय ना आपला." मालकाला फ्लेक्स आवडू लागला होता. लाल अक्षरांतला जुना दर पाहून गाड्या आत वळत होत्या. आत्या रोज सकाळी फ्लेक्सच्या मागे चढून, कुणालाही न दिसणारे आकडे बदलत राहिली. थांब्यावरून मला साहेबांच्या खाली तिचे फक्त दोन पाय दिसत.

भांडणं मशीनपाशी होऊ लागली, आणि तिथेही आत्याच उभी असे. एक दिवस मारोतरावांनी कॅन भरून घेतला, मीटर पाहिलं आणि फ्लेक्सकडे बोट केलं.

"तिथं काय लिहिलं अन् इथं काय घेऊन राहिली? आत्या, तू चोर हाय."

आत्यानं नळी मशीनला परत अडकवली. बापावरून, नवऱ्यावरून, रूपावरून पडलेल्या प्रत्येक शिवीला तिनं वरचढ उत्तर दिलं होतं. चोर मात्र तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी फ्लेक्समागे चढली. मी थांब्यावर होते. साहेबांच्या जाकिटातून विळ्याचं टोक बाहेर आलं. ते हळूहळू आडवं गेलं, मग खाली, मग परत आडवं. चौकोनी तुकडा आतल्या आत ओढला गेला आणि जिथे साहेबांचे जोडलेले हात होते तिथे पेट्रोल आणि डिझेलचा भाव दिसू लागला, लांबूनही वाचता येईल असा. त्या दिवशी मी बस सोडली.

नऊच्या सुमाराला कार्यकर्ते आले. पंप माणसांनी भरला होता. मालक घाबरून घाम पुसत होता आणि त्यानं तिला वाचवायचा त्याच्या परीनं प्रयत्न केला, एवढं त्याच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. तो तिच्या कानाशी म्हणाला, "वाऱ्यानं फाटला म्हण. बस. नोकरी राहील."

आत्या मोठ्यानं म्हणाली, "वारा चौकोनी फाडतो व्हय, मालक?"

कुणीतरी हसलं. एक पोरगेला कार्यकर्ता मोबाइल धरून पुढे आला. "माफी माग. फोटोपुढं हात जोडून माग, व्हिडिओ काढायचा हाय."

आत्यानं फ्लेक्सकडे पाहिलं. "त्यांनाच हात राहिले न्हाईत. म्या कोणाला जोडू?"

बाबा शेतातून धावत आले होते. "आक्का, एवढं म्हणून टाक. पोरीचं शेवटचं वर्ष हाय," ते म्हणाले. तिच्या पगारावर मी शिकत होते. ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "नाम्या, पोरगी म्या शिकविते. तू मधात येऊ नको." तिनं निळा शर्ट काढून हवेच्या मशीनवर टाकला, कापलेल्या चौकोनाची गुंडाळी काखेत मारली आणि घरी निघाली.

आता मला जे लिहायचं आहे ते पुढचं आहे. तिथे उभ्या असलेल्यांपैकी एकही माणूस बोलला नाही. रोज ज्यांच्या शिव्या खाऊन ती भाव दाखवत होती, त्यांतला एकही. मारोतराव मोटारसायकलवर बसून त्या चौकोनातला भाव वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी तेवढ्याच भावानं पेट्रोल भरलं आणि ते निघून गेले. संध्याकाळी नवा, अखंड फ्लेक्स लागला.

आत्या हळद शिजवायच्या कामाला जाऊ लागली. कढईच्या वाफेत दिवसभर उभं राहायचं. हात कोपरापर्यंत पिवळे होत. कॉलेज सोडायचं मी एकदाच काढलं. "तंगडं तोडीन," ती म्हणाली. मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. पाया पडायला वाकले तर म्हणाली, "सरक, दूध उतू जाईल."

साहेबांचे हात तिनं गोठ्याच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकले होते. आई म्हणे, काढा ते, कुणी पाहिलं तर भांडण होईल. आत्या म्हणे, "जन्मात कोणी मला हात जोडले न्हाईत. हे जोडून राहिले तर राहू द्या."

मागच्या हिवाळ्यात ती गेली. छातीत कफ भरला, हिंगोलीच्या दवाखान्यात चार दिवस होती. भेटायला गावातलं कुणी आलं नाही. दहाव्याला मात्र कालव्याच्या काठावर सगळा गाव जमला. श्रद्धांजलीची भाषणं झाली. मारोतराव बोलायला उठले, आवाज कातर करून म्हणाले, "आत्यासारखी खरी बाई गावात होणे न्हाई. आमच्यासाठी ती भांडली." लोकांनी माना हलवल्या. मग ते माझ्याकडे वळले. "शिकलेली लेक हाय. घरच्यांच्या वतीनं दोन शब्द बोल, आलेल्या लोकांचे आभार मान."

मी उभी राहिले. म्हणाले, "आत्याला पंपावरून काढलं तेव्हा तुम्ही सगळे तिथं होतात. मारोतकाका, तुम्ही भाव वाचत होतात." आणि खाली बसले. आभार मानले नाहीत.

पाण्याचा आवाज येत होता. बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "एवढी शिकली, पण बोलायचं कळलं न्हाई." मारोतराव टोपी सारखी करत राहिले. माणसं उठली, चपला शोधू लागली.

घरी येताना बाबा माझ्या पुढे चालत होते. गोठ्यापाशी आल्यावर म्हणाले, "आक्कावर गेलीस." ते रागानं म्हणाले की कसं, मी विचारलं नाही.