मावशी म्हटलं की थांबायचं

गव्हाणला शूटिंग झालं त्याला वर्ष होत आलं. तरी पनवेलच्या बाजारात पाटी लावून बसलं की त्याचा एखादा किस्सा निघतोच. मासळी संपते, हे संपत नाहीत.

पिक्चर असा, की आफ्रिकेहून शिकायला आलेला एक पोरगा. काळा दिसतो म्हणून पोरं पळवणारा ठरतो आणि गाव त्याला ठेचून मारतं. ते गाव म्हणजे आम्हीच! पोराचं काम डॅनियलचं. तो खरंच तिकडचा, खारघरला कॉलेजात शिकणारा. मराठी मोडकं, पण पहिल्याच दिवशी मला मावशी म्हणाला.

*

मेकअपवाला रोज त्याला आणखी काळं करायचा. एकदा डॅनियल आरशात बघून म्हणाला, "मावशी, एवढ्यानं भागत नाही?"

*

डायरेक्टर म्हणाला, शिव्या तुमच्या मनानं द्या. आमच्या शेजारचा सदाभाऊ न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवतो. त्यानं अशा काही दिल्या की साउंडवाल्यानं हेडफोन काढून ठेवला. डायरेक्टर खूश. हे सगळं आणलंत कुठून, म्हणून विचारलं.

सदाभाऊ म्हणाला, "आणायचा कशाला? घरचाच हाय."

*

आता गोची अशी, की "मारू नका, थांबा" हे डॅनियलचे डायलॉगच. मग खरं लागलं तर कळणार कसं? म्हणून ठरलं, की त्यानं "मावशी" म्हणायचं आणि सगळ्यांनी हात थांबवायचे.

एक दिवस तो "मावशी" ओरडला. सगळे थांबले, सदाभाऊ थांबेना. मी कॉलर धरून मागे ओढला तेव्हा म्हणतो कसा, "वयनी, जोर आलेला."

थर्मोकोलच्या दगडांत एक खरा निघाला. कुणी टाकला विचारलं, तर जो तो आपला थर्मोकोलचा दाखवायला लागला. डॅनियलची भुवई फुटली होती. डायरेक्टरनं जवळ येऊन नीट बघितलं आणि मेकअपवाल्याला सांगितलं, "हे पुसू नका."

*

पिक्चर लागला तेव्हा अख्खी आळी पनवेलला बघायला गेली. शेवटाला सदाभाऊ हमसून हमसून रडला. बाहेर येऊन डोळे पुसत म्हणाला, "काय काम केलाय पोरानं!"

त्याच आठवड्यात डॅनियल खोली शोधत गावात आला. सदाभाऊची वरची खोली रिकामी होती. तो म्हणाला, "घरात सून हाय आमच्या."

*

गेल्या महिन्यात मी बाजारात पापलेट कापत होते. रिक्षा स्टँडकडे गर्दी झाली. कुणाचा तरी मोबाइल गेला म्हणे आणि चोर सापडला म्हणे. मी मान वर केली नाही, असलं रोजचंच.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "मावशी!"

कोयता हातात होता तसाच घेऊन मी घुसले. डॅनियल खाली पडलेला, शर्ट फाटलेला, तीच भुवई परत फुटलेली. चार-पाच जण लाथा घालत होते. बाकीचे मोबाइल धरून उभे. मी त्याच्या अंगावर आडवी झाले आणि वर बघितलं.

मोबाइल धरलेल्यांत सगळ्यांत पुढे सदाभाऊ.

"वयनी, मधी येव नको," तो म्हणाला. "बघ ना, काय काम करतंय!"