मौद्याच्या पुढची मातीची शाळा

आमच्या ऑफिसात ड्रॉइंग हरवतात, किस्से नाही हरवत. नागपुरात धरमपेठेतलं चार टेबलांचं आर्किटेक्टचं ऑफिस. शाळा बांधतो आम्ही, त्याही चुना मिसळून दाबलेल्या मातीच्या विटांच्या, उन्हाळ्यात थंड राहणाऱ्या. एक किस्सा सांगायला जावं तर मागून चार येतात! मला तसंही एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, "तुम्ही जेवतानाही साइटवरच असता!" तर उभ्याउभ्याच सांगतो.

*

सगळे किस्से एकाच शाळेचे. मौद्याच्या पुढचं गाव. जुन्या शाळेच्या स्लॅबचा एक तुकडा मधल्या सुट्टीत बाकावर पडला. नशीब, वर्ग रिकामा होता. तेव्हापासून पोरं समाजमंदिरात बसत. वरून निरोप आला होता, पुढच्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडायच्या आत नवी इमारत तयार दिसली तर ठीक, नाहीतर सगळी पोरं हायवेपलीकडच्या शाळेत. त्या हायवेवर ट्रकची रांग तुटत नाही.

हेडमास्तरीण वासनिक बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं, "सर, पोरं जातील कशीबशी. पोरी घरी बसतील. त्यांच्या आयांनी मले तोंडावर सांगतलं."

मी चहा अर्धा टाकून उठलो. थेट जागा मोजायला लागलो.

*

मातीची शाळा म्हटल्याबरोबर गावची सभा पेटली. गावातले सगळ्यात वडीलधारे तुळशीराम आबा उठले. "आम्ही जन्मभर मातीच्या घरातून निघाची वाट पाह्यली, अन् तुम्ही पोराईले वापस मातीत घालून राहिले काय गा?"

टाळ्या! माझ्या नाही, त्यांच्या.

मग आम्ही नमुन्याच्या दोन लहान खोल्या बांधल्या. एक सिमेंटची, एक मातीची. मे महिन्यात भर दुपारी सभा तिथेच बोलावली. ज्याला जी हवी त्यानं त्या खोलीत बसावं! अर्ध्या तासात सिमेंटची खोली रिकामी. आबा तर मातीच्या खोलीत भिंतीला टेकून घोरत होते.

मी छाती फुगवून हात वर करायला सांगितले. सगळे हात सिमेंटला!

"अहो आबा, तुम्ही तर इथे झोपलात!"

"झोपाले हेच बरं हाये. पण शाळा दिसाले पाहिजे न!"

वासनिक बाई कडाडल्या, "दिसाले? शाळेचं काय लग्न लावून राहिले काय?"

सभा हसली. आबा नरमले. "बरं, माती तर माती. पण बाहेरून सिमेंटचा रंग मारजा. पाहुण्याईले समजू नये!"

*

पोरांना म्हटलं, तुमच्या मनातली शाळा काढा. कोणी झोके काढले, कोणी विमान. चौथीतल्या परीनं भिंती काढल्या, खिडक्या काढल्या, फळ्यावर बाराखडीसुद्धा काढली. वर काहीच नाही.

"बेटा, छत राहिलं तुझं."

"राह्यलं नाई. छत पडते."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. ऑफिसात येऊन छताचं ड्रॉइंग तिसऱ्यांदा तपासलं, मग चौथ्यांदा. मन काही मानेना.

*

आमचे किसनभाऊ मिस्त्री ड्रॉइंग उलटं धरतात आणि भिंत सरळ बांधतात. खिडकीची उंची मी पुस्तकाप्रमाणे दिली होती. त्यांनी मला फरशीवर मांडी घालून बसवलं.

"साहेब, काय दिसते?"

"भिंत."

"मंग पोराईले काय दिसन? काहून मेहनत करून राहिलो आपण?"

त्याच दिवशी खिडक्या खाली घेतल्या. आता बसल्याजागी शेतातली धानाची बांधी दिसते, बगळे दिसतात. मी मोठ्या हौसेनं वासनिक बाईंना दाखवायला नेलं.

बाई म्हणाल्या, "छान. आता फळ्याकडे पाहाले कोणी नाही!"

*

भिंती उभ्या झाल्या तसा बाजूच्या गावातला एक जण चिडवायला आला. "पह्यल्या पाण्यात वाहून जाईन हे!"

आबांनी ट्रॅक्टरचा टँकर बोलावला, पाइप स्वतः धरला आणि तासभर भिंतीवर पाणी मारलं. आमचा जीव टांगणीला! ढेकूळभर माती सुटली नाही.

"माह्या भिंतीले नावं ठेवते!" आबा चिंब भिजून ओरडले.

सिमेंटच्या रंगाची आठवण करून दिली तर माझ्यावरच डाफरले, "कायले? चांगली भिंत झाकता काय?"

*

आणि शेवटी घोळ मीच घातला. मला बसवत नाही ना एका जागी! दारांची मापं मी तीनदा बदलली आणि सुताराकडे भलताच कागद गेला. तपासणीच्या आदल्या दुपारी टेम्पो आला, तर एकही दार चौकटीत जाईना. दार नाही म्हणजे इमारत अपुरी. अपुरी म्हणजे पोरी घरी. वासनिक बाई माझ्याकडे पाठ करून तरातरा गावात निघून गेल्या. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

सकाळी तोंड लपवत पोचलो, तर प्रत्येक वर्गाला दार! एक हिरवं, एक गुलाबी. एकावर शुभ-लाभ, एकावर जय भीम, एकावर कोणाच्या तरी लग्नातले हळदीचे हात. उरलेल्या फटीत किसनभाऊंनी फळ्या ठोकल्या होत्या.

तपासणीवाल्या साहेबांनी चष्मा काढला. "हे कसलं डिझाइन?"

मी म्हणालो, "लोकसहभाग."

साहेबांनी फाइल मिटली. सही नाही, काही नाही! आबा म्हणाले, "चहा घेऊन जा, साहेब."

गल्लीतून निघालो. एका घराच्या दारात लुगडं टांगलेलं, दुसऱ्यात बाज उभी केलेली, तिसऱ्यात पोतं. साहेब चालता चालता हळू झाले. आबांच्या घरी कडी वाजवायला त्यांनी हात उचलला, तर हात तसाच हवेत राहिला.

"या न आत," आबा म्हणाले. "दार शाळेत गेलं हाये."

साहेबांनी उंबऱ्यावर उभं राहूनच फाइल उघडली आणि सही केली. मग चपला काढता काढता विचारलं, "आबा, दार परत कधी आणणार?"

"रविवारी! सुट्टी असते न."