पुलावर भेटलेल्या दोन बहिणी

नांदेडहून सकाळच्या एसटीने निघालो, तेव्हा मनात फक्त पूल होता. मांजरा नदीवरचा, निजामाच्या काळातला, दगडी कमानींचा. आता संरक्षित स्मारक म्हणून वाहनांना बंद केलेला. शिरूर अनंतपाळला जीप मिळाली, पण जीपवाल्याने मला नव्या पुलापाशीच उतरवले. तिथून सोयाबीनच्या बांधांवरून, काळ्या चिखलात चपला रुतवत जुन्या पुलापर्यंत गेलो.

पूल देखणा होता. कठड्याच्या सांध्यांत गवत उगवलेले, खाली संथ पाणी. स्मारकाच्या निळ्या फलकापाशी एक म्हातारी फडक्यात काही बांधून बसली होती. नाव सखूबाई.

"पूल बघाया आलाव का? बसा," त्या म्हणाल्या. "माझी धाकटी बहीण येऊन राहिली. पल्याडच्या गावाला दिलेली हाय. बाजाराच्या दिवशी आमी हितंच भेटताव. गाड्या बंद झाल्या ते लई बरं झालं. निवांत बोलता येतं."

थोड्या वेळाने पलीकडून त्यांचा भाचा आईचा हात धरून आला. आल्या आल्या त्याने मान खाली घातली.

"मावशी, उद्या आईला पुण्याला नेऊन राहिलो. घरातून कुठंबी निघून जाती. हितं तिच्यापाशी कोण बसंल?"

सखूबाईंनी फडके सोडले. आत धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या, हाताने थापलेल्या तिखट पोळ्या) होते. एक मला दिला. दुसऱ्याचे घास करून बहिणीला भरवू लागल्या.

"लई चांगले झालेत," धाकटी म्हणाली. "तुमी कंच्या गावच्या, बाई?"

सखूबाईंचा हात थांबला.

"उमरीकडची," त्या म्हणाल्या. दोघींचे माहेर तिकडचे.

धाकटीचा चेहरा उजळला. "उमरीकडं माझी थोरली बहीण हाय! माझी येणी तीच घालायची. वळखता का तिला?"

"हाव. वळखते."

"तिला सांगा, मी लई याद करून राहिले."

"सांगते," सखूबाई म्हणाल्या, आणि पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला.

मायलेक पल्याडच्या बाभळींआड दिसेनासे झाले, तेव्हा कुठे सखूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "जावा पाव्हणं, गाडी चुकंल तुमची."

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर शिवारे सरत होती आणि मला सारखे वाटत होते, निरोप तर जागच्या जागी पोचला. तो पोचल्याचे धाकटीला मात्र कुणीच सांगू शकणार नव्हते.