साहेबांनी ठरवलेली जागा

लाकडी फर्निचरला लावायच्या लॅव्हेंडर पॉलिशचा वास आला की मला आजही शिसारी येते. सिंगापुरात पुंगोलला आम्ही फ्लॅट घेतला त्या वर्षी, तिथल्याच बुकित तिमाह या श्रीमंत वस्तीतल्या एका बंगल्यात हाच वास भरून राहिला होता. माझ्या मुलीच्या, नेहाच्या साखरपुड्याचं जेवण तिच्या इंग्रज सासऱ्यांनी ठेवलं होतं. ते निवृत्त राजनैतिक अधिकारी. राणीच्या दरबारात कोणत्या पाहुण्याला कुठे बसवायचं, हे ठरवण्यात त्यांची उभी हयात गेली, त्यांच्या वडिलांचीही.

मुख्य टेबलावर त्यांचे झाडून सगळे नातेवाईक होते. आमच्या नावांची कार्डं मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी, लहान मुलांच्या टेबलावर.

“तुम्हाला इथे मोकळेपणा वाटेल,” साहेब अदबीने झुकून म्हणाले.

माझं डोकं फिरलं. शून्यातून धंदा उभा केलेला माणूस मी. समोरच्याचा पहिला भाव कधी मान्य केला नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने बाही ओढली.

“अहो, भांडायच्या आधी कार्डावरचं अक्षर बघा.”

अक्षर नेहाचं होतं. मी खुर्ची ओढून बसलो.

साहेबांनी तिच्याकडून लिहून घेतलं, असं धरून मी इतकी वर्षं त्यांना शिव्या घातल्या. आता वाटतं, आम्हाला कुठे बसवायचं हे तिला कुणी सांगावंच लागलं नसेल.