विमानात टाकलेला रुमाल

मला सल्ल्यांचा राग येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मग कुणी म्हणायला नको की बाई तापट आहे. आहेच मी तापट. माहेरी खुलताबादला पण हेच म्हणायचे आणि सासरीही हेच म्हणतात, तर आता या वयात बदलून कुणाचं भलं करू?

सकाळी चहाचं आधण ठेवावं तर फोन वाजतो. भाचीनं व्हिडिओ पाठवलेला असतो. पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात एक बाई उभी. ओट्यावर एक भांडं खरकटं नाही. ती सांगते, पहाटे उठा, अनवाणी चाला, थंडगार शॉवरखाली उभं राहा आणि दिवसभरात चार लिटर पाणी प्या. शॉवर म्हणे. आमच्या सिडकोत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी कुणाच्या घरी साखरपुडा असला तरी आधी टाक्या भरतात, मग पाहुणे. त्या बाईला एकदा आणून आमच्या मोटारीपाशी पाइप धरून उभी करावी आणि मग विचारावं, बोल माय, कुठला शॉवर. दुसरा व्हिडिओ सांगतो, घरातल्या नको त्या वस्तू काढून टाका. तिसरा सांगतो, रोज एक तास फक्त स्वतःसाठी बाजूला ठेवा. कुठं ठेवू? फडताळात?

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण पाणी पिण्याचा सल्ला आमच्या घरात जिवावर बेतला होता.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. कन्नड, देवगाव रंगारी, खुलताबाद, याच रस्त्यांवर त्यांची नोकरी सरली. निवृत्तीनंतर सुखानं बसून खावं तर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला. समजायचं सगळं, पण कुणी काही विचारलं की नुसती मान डोलवायचे. चहा घेणार का, मान हलली. भात नको ना, मान हलली. विचारणारा खूश होऊन जायचा. कुठली मान खरी आणि कुठली समोरच्याचं मन राखायला, हे त्यांच्या डोळ्यांवरून मला एकटीला कळायचं.

त्यात गिळणं बिघडलेलं. साधं पाणी त्यांच्या श्वासनळीत जायचं. म्हणून डॉक्टरांनी एक पावडर दिली होती. ती पाण्यात घालून पाणी पातळ पिठल्यासारखं दाट करायचं, ह्यांना हनुवटी खाली घ्यायला लावायची आणि चमच्या-चमच्यानं पाजायचं. एकदा मी आत पोळ्या लाटत होते आणि भेटायला आलेल्या एका लांबच्या दिरांनी ह्यांना विचारलं की दादा, पाणी घेता का, माणसानं सारखं पाणी पीत राहावं, रक्त पातळ राहतं. ह्यांनी मान डोलावली. दिरांनी भरला ग्लास तोंडाला लावला. पुढं कितीतरी दिवस आम्ही दवाखान्यात. ताप, छातीत घरघर, नाकात नळी. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले, परत असं झालं तर सांगता येत नाही. दीर बिचारे ओशाळून दवाखान्यात आले आणि येताना पेरू घेऊन आले. गिळता न येणाऱ्या माणसाला पेरू. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या दिवशी मी पदर खोचला. यापुढं ह्यांच्या शेजारची जागा माझी. लग्न असो, मयत असो, दवाखाना असो, मी बाजूला हलणार नाही. लोक म्हणायला लागले की बाई नवऱ्याला सोडतच नाही, जरा मोकळं सोडावं माणसाला. म्हणू द्या. त्यांचं काय जातंय?

लेक हैदराबादला असते. गिळायचं आणि बोलायचं पुन्हा शिकवणारी एक बाई तिनं तिथं शोधून काढली. रात्रभराची रेल्वे ह्यांना झेपणारी नव्हती, म्हणून जावयांनी विमानाची तिकिटं काढली. दोघांचीही पहिलीच वेळ. मी बॅगेत पावडर, चमचा, वाटी, टॉवेल असं सगळं नीट भरलं आणि आम्ही चिकलठाण्याच्या विमानतळावर पोचलो.

खिडकीवरच्या पोरीनं पास हातात दिले तेव्हा कळलं, ह्यांची जागा पुढं आणि माझी पार मागं. जावयांना वाटलं होतं, तिकिटं एकत्र काढली म्हणजे जागा शेजारी. मलाही तसंच वाटलं होतं. एसटीत नवरा-बायकोला कुणी वेगळं बसवतं का? पोरगी गोड हसून म्हणाली की शेजारची जागा हवी असेल तर ती आधी पैसे भरून निवडायची असते, आता विमान भरलंय, आत गेल्यावर विचारून बघा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःच्या नवऱ्याशेजारी बसायचे पैसे. आजवर फुकट बसत आले की मी.

चाकाच्या खुर्चीवाल्यांना आधी आत सोडतात, तेवढं बरं. विमान छोटंच निघालं. दोन-दोनच्या जागा आणि मधून वाट, थेट एसटी. ते बघून मला जरा धीर आला. दोघा माणसांनी ह्यांना धरून खिडकीशी बसवलं. मी शेजारी टेकणार तोच तिथली एअर होस्टेस म्हणाली, बॅग तुमच्या जागेवरच वर ठेवावी लागेल, वाटेत नको. मग मी आमच्या भागातलं कुठलंही माणूस करील तेच केलं. कमरेचा रुमाल काढला, झटकला आणि ह्यांच्या शेजारच्या जागेवर टाकला.

आमच्याकडं गाडी फलाटाला लागली की माणूस दारातून चढायच्या आधी रुमाल खिडकीतून चढतो. कुणी टोपी टाकतं, कुणी पिशवी, एखादी तर लेकरू आत देते. ज्याचा रुमाल त्याची जागा. भांडणं लई होतात, पण दुसऱ्याचा रुमाल उचलून तिथं बसायची रीत नाही. आमच्याकडं रुमाल म्हणजे सातबारा. आणि मी तर कंडक्टरची बायको. निर्धास्त मागं गेले, बॅग वर चढवली, त्यातली पावडर आणि चमचा काढून घेतला आणि परत आले.

येऊन बघते तर जागेवर एक गृहस्थ बसलेले. पन्नाशीचे, पायात धावायचे बूट, मनगटावर ते पावलं मोजणारं घड्याळ, हातात स्टीलची बाटली. आणि माझा रुमाल त्या एअर होस्टेसच्या दोन बोटांत. हा कुणाचा राहिलाय, म्हणून ती मागच्या लोकांना विचारत होती.

मी म्हणलं, रुमाल माझा आणि जागाही माझी. गृहस्थ आपल्या शहरातलेच होते. मराठीतच म्हणाले, "ताई, ही काही एसटी नाही."

नाकाला मिरची झोंबली, पण गिळली. हात जोडून सांगितलं की माझे मालक आहेत, बोलता येत नाही, गिळता येत नाही, तुम्ही मागं माझ्या जागेवर बसा. ते म्हणाले की पाय लांबवता यावेत म्हणून ही जागा मुद्दाम जादा पैसे भरून घेतलीय, त्यांचा गुडघा दुखतो. बरं, खोटंही वाटेना. वर म्हणाले, तुम्ही काळजी करू नका, काकांकडं मी बघतो. तीच तर मला धास्ती होती.

विमान हलायला लागलं. एअर होस्टेस म्हणाली, आता बसावंच लागेल, वर गेल्यावर मी विचारते. मी दोघांनाही ऐकू जाईल असं बजावलं, "यांना पाणी देऊ नका. मान हलवली तरी देऊ नका."

आजूबाजूचे लोक माझ्याकडं बघायला लागले. नवऱ्याला तहानेनं मारणारी बाई दिसली असणार मी त्यांना. त्या गृहस्थांना तर ह्यांची दयाच आली. मला समजावू लागले की विमानात हवा फार कोरडी असते, शरीर आतून सुकतं, घोट-घोट पाणी घेत राहावं, त्यांच्या फोनवर कुणी आरोग्याचे गुरू रोज सांगतात. म्हणजे तो व्हिडिओ इथं पण पोचला होता. मी म्हणलं, तुमच्या गुरूंना सांगा, ह्यांच्या वाटेला जाऊ नका. एवढ्यात एअर होस्टेसनं मला हाताला धरूनच मागं नेलं आणि पट्टा बांधला.

विमान वर चढत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता. पुढच्या डोक्यांच्या फटीतून मला ह्यांचा कान आणि खांदा तेवढा दिसत होता. मी मनाशी ठरवून टाकलं. पट्ट्याचा दिवा विझला की उठायचं, तिथं वाटेत जाऊन उभं राहायचं आणि हैदराबाद येईपर्यंत हलायचं नाही. उभ्यानं जाईन. कंडक्टरच्या बायकोला उभ्यानं जायची लाज नाय.

दिवा विझला. मी पट्टा सोडायला गेले तर सुटेना. जावयांच्या गाडीत लाल बटण असतं, ते दाबलं की झालं. इथं बटणच नाही. ओढलं, पिळलं, नखं लावली. आणि वाटेत वाकून बघते तर त्या गृहस्थांनी बाटली उघडली, तिच्या टोपणात पाणी ओतलं आणि वाकून ह्यांना काहीतरी विचारलं.

ह्यांनी मान डोलावली.

मी ओरडले. विमानाच्या पंख्यांच्या घरघरीत माझा आवाज पुढं पोचलाच नाही. शेजारची बाई कानात ती गाण्याची बोंडं घालून डोळे मिटून बसलेली. टोपण ह्यांच्या तोंडाकडं गेलं. दवाखान्यातली ती नळी डोळ्यांसमोर आली.

आणि तेवढ्यात त्या घरघरीतूनही टक टक असा खणखणीत आवाज आला.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो आवाज ओळखते. तिकिटं पंच करायचा लोखंडी चिमटा कंडक्टर दांड्यावर आपटतात, तो आवाज. बोलायची गरज नसते, टक टक झालं की गाडीतला माणूस आपोआप वळून बघतो. ह्यांच्या हातात चिमटा कुठला? उजवा हात सुजायला लागल्यावर अंगठी मी त्यांच्या डाव्या हातात घातली होती. ती अंगठी समोरच्या खुर्चीच्या दांडीवर वाजत होती. मग तो हात वर आला. टोपण बाजूला सारलं. पंजा उताणा करून दोनदा वर उचलला, म्हणजे उठा. मग अंगठा खांद्यावरून मागं दाखवला, म्हणजे मागं सरका.

आणि ते गृहस्थ उठले की हो. विचार न करता उठले. हातात पाण्याचं टोपण सांभाळत ते वाटेनं दोन-तीन ओळी मागं सरकले आणि मग त्यांना भान आलं की आपण कुणाच्या हुकमानं चाललोय. दोघं-चौघं मराठी लोक हसले. ते स्वतःही हसले. माझ्यापर्यंत येऊन त्यांनी विचारलं, काका एसटीत होते का? मी मान हलवली. पट्ट्याची झाकणी वर उचलायची असते, ती त्यांनीच उचलून मला सोडवलं आणि दुखरा गुडघा मुडपून माझ्या जागेवर बसले.

मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. आधी ओठ बघितले, कोरडे होते. एक थेंब घेतला नव्हता. एअर होस्टेसकडून पाणी मागून घेतलं, पावडर घालून दाट केलं, हनुवटी खाली घ्यायला लावली आणि चमच्या-चमच्यानं पाजलं. ठसका लागला नाही. आजारी पडल्यापासून कुणालाही नको न म्हणणारा माणूस आज भर विमानात एका धडधाकट गड्याला उठवून मोकळा झाला होता, आणि मला वाटत होतं की त्यांना मीच सांभाळतेय.

पाणी संपल्यावर त्यांनी डावा हात माझ्यापुढं पसरला. मला वाटलं, टॉवेल मागतायत. दिला, तर घेतला नाही. हात तसाच पुढं. चेहरा कोरा, ओळख नसल्यासारखा. मग लक्षात आलं. माहेरी जाताना मी त्यांच्याच गाडीत बसले की ते सगळ्या लोकांदेखत असाच हात माझ्यापुढं धरायचे, तिकिटाचे पैसे मागायला. कर्मचाऱ्याच्या बायकोला पास असतो, हे त्यांना माहीत नव्हतं होय? पण मी तोंडानं म्हणेपर्यंत पुढं हलायचे नाहीत.

"पास हाय," मी म्हणलं, आणि मला भर विमानात रडू फुटलं.