भिमाजींचे दोन दिवस

मखमलाबादच्या भिमाजींना कोणी द्राक्षबागेतल्या रोगाबद्दल विचारलं आणि उत्तर सुचलं नाही, तर ते ठामपणे सांगत, दोन दिवस थांब. मग दोन्ही सकाळी सहज आल्यासारखं दाखवत त्या बागेत जात, पानं उलटून पाहत, त्यांच्यावरचं दहिवर, म्हणजे दव, किती वेळ टिकतंय ते बघत आणि उमगलं की औषध सांगून मोकळे होत. माणूस प्रेमळ, पण 'मला माहीत नाही' म्हणायचं तर जीव जायचा.

२००३ साली कॉलेजातून हर्षाली नावाची मुलगी आली. जाणत्या माणसाचं डोकं कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं, म्हणजे भिमाजी गावाला गेले तरी लोकांचं अडणार नाही, असा तिचा बेत होता. दोन हंगाम ती त्यांच्या ओट्यावर बसून विचारत राहिली. ढग असले आणि वारा नसला तर काय, फुलोऱ्यात पाऊस झाला तर काय. भिमाजी खुलले. इतकं मन लावून त्यांचं बोलणं घरच्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. जिथं अडलं तिथं त्यांनी सवयीनं दोन दिवस थांबायला सांगितलं, तिनं ते लिहून घेतलं. सकाळच्या फेऱ्यांचं तिनं विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही.

कॉम्प्युटर गावच्या सोसायटीच्या ऑफिसात बसला, आणि खोटं कशाला बोला, हुशार निघाला. कळवणच्या चिमाजीनं फोनवर विचारून दोन फवारण्या वाचवल्या आणि कांद्याचं पोतं आणून टाकलं ते भिमाजींच्या दारात. भिमाजींनी ते ऐटीत ठेवून घेतलं. पण आता त्यांना रस्त्यात अडवून विचारणारं कोणी उरलं नाही, आणि विचारत नाहीत म्हटल्यावर फेऱ्याही थांबल्या.

पुढच्या नोव्हेंबरात आभाळ भरून आलं. शेजारच्या नवसाबाईचा अर्धा एकर फुलोऱ्यात होता, तिचा संसार तेवढ्यावरच चाले. बांधावर भेटली तेव्हा तिनं सांगितलं की कॉम्प्युटर दोन दिवस थांबायला सांगतोय. भिमाजींनी वर पाहिलं. त्यांच्या मनानं घेतलं, आजच फवारायला हवं. पण त्या पेटीत त्यांची दोन वर्षांची उत्तरं होती आणि इथं एक म्हातारं डोकं. पेटीला खोटं ठरवायचं म्हणजे स्वतःलाच खोटं ठरवायचं. मग आपण खरे कुठले, ओट्यावरचे की बांधावरचे? काही उलगडेना. त्यांनी तिच्या लेकीची ख्यालीखुशाली विचारली आणि घरी गेले.

तिसऱ्या दिवशी पानांखाली पांढरी बुरशी होती आणि निम्मे घड तपकिरी पडले होते. नवसाबाई रडली नाही की भांडली नाही.

"तुमचंच ऐकलं ना मी, भाऊ," ती म्हणाली.

भिमाजी तडक ऑफिसात गेले. हर्षाली तिथंच होती. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला, पुन्हा तेच उत्तर आलं. असं मी कधी बोललो नाही म्हणून ते तिच्यावर चिडले. तिनं वही उघडली. तारखेसकट त्यांचे शब्द होते, खाली त्यांचीच सही.

"ताई, तवा मला ठाऊकच नव्हतं," भिमाजी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. ती पानं उलटू लागली. दोन दिवस थांबा, दोन दिवस थांबा, ओळीनं किती तरी ठिकाणी. यातलं कुठलं जाणून सांगितलं आणि कुठलं नुसतं वेळ मारून न्यायला, असं तिनं विचारलं. भिमाजींनी चष्मा पुसला, वही मांडीवर घेतली, बराच वेळ बोट फिरवलं. काही ठिकाणी थांबणंच बरोबर होतं. पण कुठल्या, ते त्यांनाही ओळखता येईना.

दुसऱ्या सकाळी ते नवसाबाईच्या बागेत गेले. उरलेले घड तरी वाचतील का, तिनं विचारलं. दोन दिवस थांब हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"मला माहीत नाय, नवसाबाई," ते म्हणाले, आणि खाली बसून एकेक पान उलटू लागले.