वावटळीने न बघता घेतलेलं काम

घरात तिला वावटळ म्हणत. कॉलेजात चौघींच्या रिले शर्यतीत ती शेवटचा टप्पा धावायची. दांडी एकदा तिच्या हातात पडली की बाकीच्यांनी खुशाल पाणी प्यायला जावं, अशी तिची ख्याती. मग शेवटच्या वर्षी गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चाला, पण धावू नका. म्हणजे माशाला सांगावं, पाण्यात राहा, पण पोहू नका.

पोरगी काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडली. लोक तिच्याबद्दल ‘फार छान धावायची’ असं बोलायचे, तेही ती समोर बसलेली असताना. ते तिला गुडघ्यापेक्षा जास्त दुखायचं. एक दिवस उठली आणि कॉम्प्युटरच्या वर्गाला जाऊन बसली.

मावशी म्हणाली, “जिचं बूड कधी खुर्चीला टेकलं नाही, ती खुर्चीतली नोकरी करणार?”

“तू खुर्ची बघ, मावशी. बूड मी आणते.”

आणि आणलं की. चुकलं तर बाकीची पोरं खट्टू व्हायची. हिला चारचौघांत हरायची सवय होती, ही पुन्हा करून बघायची. दवाखान्यांसाठी पेशंटना वेळ देणारं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहानशा कंपनीत तिला घेतलं, पण कच्च्या नोकरीवर. काम बघून पक्की करू, म्हणाल्या तिथल्या मॅडम. ते ‘पक्की’ तिला पदकापेक्षा हवं होतं.

आता रिलेत एक शिस्त असते. घेणारीने मागे बघायचं नाही. हात मागे धरायचा, दांडी लागली की मूठ आवळायची आणि सुटायचं. ते हिच्या हाडीमाशी भिनलेलं. ऑफिसातला जुना माणूस, ज्याला सगळे भाऊ म्हणत, तो रजेवर जाताना एका दवाखान्याचं काम हिच्याकडे देत म्हणाला, “झालंय सगळं. तू फक्त चालू कर.” हिने मूठ आवळली आणि केलं चालू.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात झाडून सगळ्या पेशंटना नऊची वेळ गेली. भाऊने तपासण्यापुरती एकच वेळ घालून ठेवली होती, ती काढायला विसरला होता.

मॅडमनी विचारलं, “तपासलं होतंस?”

“नाही.”

“भाऊने सांगितलं म्हणून?”

“त्याने दिलं, पण घेतलं मी. न बघता घेतलं.”

तिथेच बसून तिने चूक शोधली, दुरुस्त केली, मॅडमना दाखवली आणि दवाखाना गाठला. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती.

एक आजोबा काठी आपटत म्हणाले, “नऊला काय अख्ख्या गावाला बोलावलंत?”

“चूक माझी आहे, आजोबा.”

“तू डॉक्टर?”

“नाही, कॉम्प्युटरवाली.”

“मग कॉम्प्युटर कुठाय तुझा?”

“तोंड लपवून ऑफिसात बसलाय.”

आजोबा हसले, बाजूला सरकले, तिला बसायला जागा दिली. ती बसली नाही. लांबून कोण आलंय, रक्त द्यायला उपाशी कोण थांबलंय, हे एकेकाला विचारून तिने रांग लावली. दुपारी बाकं रिकामी झाली, तेव्हा गुडघा टम्म सुजला होता.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, “पक्कं करायचं लांबणीवर टाकतेय.”

तिचा चेहरा उतरला. पण मान हलवली.

“आणि उद्यापासून कुणाचंही काम तू बघितल्याशिवाय बाहेर जाणार नाही. एकदा अशी पोळलेली माणसं नीट बघतात.”

रजेवरून आल्यावर भाऊ कुरकुरला. “कालची पोर माझं काम तपासणार?”

“मला कुठे हौस आहे, भाऊ? माझंही तू तपास. दे इकडे.”

पुढे ती पक्की झाली. ते सांगायला मॅडमनी तिला आत बोलावलं, तर ही खुद्द मॅडमनीच केलेलं काम हातात घेऊन उभी. म्हणाली, “यात चूक आहे, तेवढं पुन्हा करावं लागेल, मॅडम. मग बोलू.”